कुरवंड्याहून मुलाखतीला

आयएनएस शिवाजीच्या शेजारी कुरवंडे गाव, गावापुढे नागफणीचा कडा आणि कड्याखाली थेट कोकण. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं इथं ‘ड्यूक्स नोज’ बघायला येतात. सोमवारी सकाळी गावातली पोरं लोणावळा स्टेशनाकडे निघतात. कुणाचं कॉलेज लोणावळ्यातच, कुणाचं कुसगावला, कुणाचं तळेगावला. पदवीचं शेवटचं वर्ष लागलं की या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच जातीच्या पीडीएफ फिरू लागतात: मुलाखतीत हमखास विचारले जाणारे पन्नास प्रश्न, उत्तरांसह. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर त्यात असतं. ‘तुमचा दोष कोणता’ याचंही असतं, आणि ते ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ हेच असतं.

त्या उत्तरांचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, आणि नसेल होत तर तयारी कशाची करायची, हे इथं तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलाखतीची तयारी म्हणजे आपण हाताने केलेल्या एखाद्या कामाबद्दल दहा मिनिटं, समोरचा उलटतपासणी घेत असतानाही, न डगमगता बोलता येणं. बाकी कोट, टाय, हसरा चेहरा वगैरे ठीक आहे, पण ते एका संध्याकाळचं काम आहे. आणि मावळातल्या मुलांकडे असं सांगण्याजोगं काम भरपूर असतं; तेच ती बायोडेटातून वगळतात.

मुलाखतीने माणूस नीट पारखता येतो का, ही शंका जुनीच. १९२१ साली थॉमस एडिसन आपल्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या पदवीधरांना सामान्यज्ञानाची लांबलचक प्रश्नावली देतो, याचा अमेरिकेत मोठा गवगवा झाला. प्रश्न वर्तमानपत्रात छापून आले आणि ज्यांना नोकरी नको होती तेही सोडवत बसले. पुढे मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा पिच्छा पुरवला. श्मिट आणि हंटर या दोघांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज मांडली. मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा, सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न आणि गुण द्यायची ठरलेली पद्धत असलेली मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज अधिक बरा देते, असं त्यांना दिसलं. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ही आकडेमोड नव्याने केली. बऱ्याच कसोट्यांचे आकडे खाली आले, पण अशी बांधीव मुलाखत यादीत सगळ्यात वर राहिली.

विद्यार्थ्याने यातून एवढंच घ्यायचं की मोठ्या कंपन्यांचे प्रश्न या दिशेने सरकले आहेत. ‘तुम्ही टीम प्लेयर आहात का?’ असं आता कमी विचारतात. ‘गटात काम करताना एकाने अंग काढून घेतलं, असं कधी झालं? तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारतात. प्रसंग काय, तुमच्यावर जबाबदारी कोणती, केलंत काय आणि निघालं काय, या चार पायऱ्यांनी उत्तर द्या असं शिकवणी वर्ग सांगतात. सांगतात ते बरोबरच आहे. पण पायऱ्या चढायला मुळात प्रसंग लागतो. तो पीडीएफमध्ये मिळत नाही.

आपल्याकडे सरकारने तर खालच्या पदांसाठी मुलाखतच काढून टाकली. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात हा विषय काढला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ब अराजपत्रित, गट क आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती बंद झाल्या. वशिला आणि पैसा तिथूनच आत शिरतो, हे त्यामागचं कारण. खाजगी नोकरीत मात्र मुलाखत आहेच, आणि कुरवंड्याच्या मुलाला बहुतेक वेळा तिलाच तोंड द्यायचं असतं.

ही मुलाखत एकाच प्रकारची नसते. कुसगाव-तळेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आयटी कंपन्या येतात तेव्हा मुलाखत ही शेवटची चाळण असते. त्याआधी ऑनलाइन परीक्षा: गणिती कोडी, इंग्रजीचे उतारे, थोडं कोडिंग. वर्गातली बरीच मुलं तिथंच गळतात आणि कोट इस्त्री करण्याची वेळच येत नाही. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याने तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत रोज तासभर कोडी आणि कोडिंग केलं, तर ते शेवटच्या वर्षातल्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरापेक्षा जास्त फळतं. एवढं करून हाती येणारं सुरुवातीचं पॅकेज वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि हा आकडा गेल्या दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. घरी सांगताना हेही सांगावं.

परीक्षा पार झाली की गाठ पडते प्रोजेक्टशी. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट विकत मिळतात, अहवालासकट, हे कॉलेजला, विद्यार्थ्यांना आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो प्रोजेक्टचं नाव विचारून थांबत नाही. ‘चौघांचा गट होता ना? मग तुमचा भाग कोणता?’ ‘हाच डेटाबेस का घेतलात?’ ‘चाललं नाही असं काय होतं?’ या शेवटच्या प्रश्नाला ‘सगळं नीट चाललं सर’ असं उत्तर आलं की खेळ आटोपला. ज्याने स्वतः केलंय त्याच्या तोंडून तक्रारीच जास्त निघतात: सर्व्हर पडला, सेन्सर ओला झाला, गटातला एक जण परीक्षेच्या आठवड्यात गायब झाला.

सिव्हिलच्या मुलांची गोष्ट तर नवलाची. द्रुतगती मार्गाचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प खोपोलीकडून येऊन कुसगावला मिळतो. लांबी तेरा किलोमीटरच्या घरात, त्यात जवळपास नऊ किलोमीटरचा एक बोगदा, तोही लोणावळ्याच्या तलावाखालून. शिवाय दरीवर केबलच्या आधाराने तोललेला पूल. कॉलेजच्या दाराशी एवढा प्रकल्प असताना ‘जवळपासच्या एखाद्या प्रकल्पाबद्दल सांगा’ म्हटल्यावर बुर्ज खलिफा निघतो. बोगद्यावर तलावाचं पाणी असताना आत काय काळजी घेत असतील, याचा विचार करून गेलेला मुलगा चुकीचं बोलला तरी चालतो. तो विचार करतो हे तरी दिसतं.

आता कारखाने. तळेगाव, चाकण, नवलाख उंबरे. इथली मुलाखत कधी कॉन्फरन्स रूममध्ये होते, कधी सिक्युरिटी केबिनशेजारच्या बाकड्यावर. प्रश्न थोडे आणि टोकदार. टेबलावर व्हर्नियर कॅलिपर ठेवतात, शेजारी एक टर्न केलेला जॉब. ‘माप घ्या.’ पुस्तकात लीस्ट काउंटची व्याख्या दोन गुणांना येते. इथं ०.०२ मिलिमीटर हे माहीत असून भागत नाही. मुख्य पट्टीवर २३, सरकत्या पट्टीवरची सतरावी रेघ जुळली, म्हणजे २३.३४. हे म्हणण्याआधी जबडे पुसून, मिटवून शून्य जुळतंय का बघितलं की नाही, याकडे सुपरवायझरचं लक्ष असतं. बोटं थरथरली तरी त्याला काही वाटत नाही. शून्य न बघता घेतलेलं माप मात्र तो लक्षात ठेवतो. मग पुढचे प्रश्न: मायक्रोमीटर कधी घ्याल, गो-नो-गो गेज कशाला, तिसरी पाळी चालेल का, येणार कसे.

अशा मुलाखतीची तयारी कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच होते, जर्नल दुसऱ्याचं न उतरवता. डिप्लोमा किंवा पदवीनंतर शिकाऊ उमेदवार म्हणून काढलेलं वर्षही कामाला येतं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्यात राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा विद्यावेतन बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ आणि पदवीधराला दहा हजार असं ठरलं. विद्यावेतन तुटपुंजं आहे, आणि काही ठिकाणी या मुलांना नुसतं फायली उचलायला ठेवतात, ही तक्रारही खोटी नाही. तरी तेवढ्या काळात मशीनपाशी उभं राहायला मिळालं तर पुढच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

‘आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे?’ या प्रश्नावर बहुतेक जण वेबसाइटवरचं ‘व्हिजन’ म्हणून दाखवतात. त्याऐवजी आपल्या तालुक्याच्या बातम्या वाचाव्यात. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं, कामगारांचा लढा पुढे चालूच राहिला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ साली तळेगावऐवजी गुजरातला गेला आणि केवढं राजकारण पेटलं. मावळात राहून हे ज्याला माहीत नाही त्याने कंपनीचं ‘मिशन’ पाठ केलं काय आणि न केलं काय.

हॉटेलांची वाट मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण इथं मुलांना आपल्याजवळ काय आहे ते दिसतच नाही. कुरवंड्याच्या बाजूला बंगले झाले, रिसॉर्ट झाले, घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या. अकरावीपासून घरच्या दोन खोल्यांचं बुकिंग सांभाळणारा मुलगा बायोडेटात छंद लिहितो: ‘लिसनिंग म्युझिक, सर्फिंग इंटरनेट’. घरचं काम लिहायला त्याला लाज वाटते. ‘ते काय, घरचंच आहे’ म्हणतो. पण त्याला नीट विचारा. जुलैच्या शनिवारी दोन पार्ट्यांना एकच खोली दिली गेली होती, तेव्हा काय केलंस? तो सांगतो: आधी आलेल्यांना खोली दिली, दुसऱ्यांना शेजारच्या काकांकडे नेलं, काकांचा दर दोनशेने जास्त होता तो फरक आपण सोसला, आणि तेव्हापासून ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख धरायची नाही असं वडिलांकडून कबूल करून घेतलं. प्रसंग, जबाबदारी, कृती, निकाल. चारही पायऱ्या आपोआप आल्या, आणि शेवटी नियमही बदलला! फ्रंट ऑफिसच्या मुलाखतीत याहून चांगलं उत्तर कुणी देईलसं वाटत नाही. हेच चिक्कीच्या दुकानात दिवाळीत उभं राहिलेल्या मुलीला लागू, भातलावणीच्या आठवड्यात माणसं जमवणाऱ्याला लागू, नागफणीवर ट्रेकर्सना घेऊन जाणाऱ्यालाही लागू.

हॉटेलात बहुधा ट्रायलही घेतात. मॅनेजर स्वतःच गिऱ्हाईक होतो आणि ओरडतो, ‘गीझर चालत नाही, पैसे परत द्या!’ घरी हे दर पावसाळ्यात ऐकलेल्या मुलाला तिथं अभिनय करावा लागत नाही.

सैन्यदलांच्या निवडीची तऱ्हाच निराळी. एसएसबीची मुलाखत पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी चाळण, मग मानसशास्त्रीय चाचण्या, गटाची मैदानी कामं, अधिकाऱ्यासमोरची प्रत्यक्ष मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांची बैठक. शब्द दाखवून पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. चित्र बघून गोष्ट लिहायची. यात पाठांतर केलेला माणूस तिसऱ्या दिवसापर्यंत उघडा पडतो, कारण कागदावर एक आणि मैदानात दुसराच दिसतो. मुलाखतीचा पाया म्हणजे आधी भरून घेतलेला माहितीचा फॉर्म. त्यात तुम्ही कुठं वाढलात, ते गाव की शहर, लोकसंख्या किती, हे लिहायचं असतं, आणि अधिकारी तिथूनच सुरुवात करतो: ‘गावाबद्दल सांगा.’

कुरवंड्याच्या उमेदवाराला याहून सोपा प्रश्न मिळायचा नाही, आणि नेमका इथंच तो अडखळतो. शेजारच्या आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाच्या सागरी अभियांत्रिकीचं शिक्षण दिलं जातं. कुरवंडे घाटाने उतरलेल्या मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कोंडलं. मोठ्या फौजेला अरुंद वाटेत आणून मग तोंड आणि शेपूट दोन्ही बंद करणं, ही ती लढाई. नौदलात जाऊ इच्छिणाऱ्याने घराजवळच्या तळावर काय शिकवतात हे विचारलं नसेल, उंबरखिंडीत एकदा उतरून पाहिलं नसेल, तर ‘मला लहानपणापासून वर्दीचं आकर्षण आहे’ हे वाक्य कुणी खरं मानत नाही. लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीचं बोलावणं आलेल्यांसाठी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात मोफत तयारी करून घेतात. याच्या सूचना वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात येतात आणि कुणी वाचत नाही.

इंग्रजीचं काय? भीती खरी आहे, पण सगळीकडे सारखी नाही. कारखान्यात मराठी-हिंदीवर काम भागतं. हॉटेलात पाहुण्याशी बोलण्यापुरतं इंग्रजी लागतं, आणि ते बोलून बोलूनच येतं. आयटीत ते लागतंच. यूपीएससीची मुलाखत मात्र मराठीतून देता येते. आपल्या कामाबद्दलची दहा-पंधरा वाक्यं आधी मराठीत स्पष्ट करावीत आणि मग स्वतःच इंग्रजीत उतरवावीत. अडलं तर ‘हे मी मराठीत सांगू का?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. पुण्याच्या टेबलावर मराठी समजणारा एक तरी जण सहसा असतो.

आता ज्याबद्दल तयारीची पुस्तकं अवाक्षर काढत नाहीत ते. सगळी तयारी करूनही मुलाखत सपाट मैदानावर होत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेल्या त्या अभ्यासात दलित नावांना बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावांपेक्षा कमी निघाली, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. त्याच साली सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून लिहिलं. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते सगळे सांगत. आणि उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ही जवळपास सगळे विचारत. वडील काय करतात, घर कुठलं, भाऊ काय शिकला. आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलाला आणि डॉक्टरच्या मुलाला हा प्रश्न सारखा नसतो. माझा सल्ला असा की उत्तर एका वाक्यात द्यावं आणि दुसऱ्या वाक्यात आपल्या कामाकडे वळावं: ‘वडील शेती करतात, हिशेब मी बघतो, त्यातून एक्सेल शिकलो.’ यात प्रश्नाचा अन्याय धुऊन निघत नाही, पण संभाषण आपल्या बाजूला येतं.

मुलींना ‘लग्नाचा काय विचार?’ आणि ‘रात्रपाळी घरचे सोडतील का?’ हे आजही विचारतात. भरतीत स्त्री म्हणून डावलणं १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच निषिद्ध ठरवलं, तरी. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७४ साली, ‘मुलींनी अर्ज करू नयेत’ असं लिहिलेली टेल्कोची जाहिरात पाहून सुधा कुलकर्णी नावाच्या बंगळूरच्या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरीही मिळाली. सुधा मूर्तींची ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिच्यातला एक तपशील मात्र निसटतो: कंपनीने जाण्यायेण्याचं भाडं देऊ केलं होतं.

आज कुरवंड्याहून चाकणला मुलाखतीला जायचं तर लोणावळ्यापर्यंत रिक्षा किंवा कुणाची तरी गाडी, तिथून लोकल, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत तळेगाव, पुढे शेअर रिक्षा. तिथं गेल्यावर कळतं की साहेब उद्या येणार. भाडं अर्थात स्वतःचं, बुडालेला रोजही स्वतःचा. पावसाळ्यात भर म्हणून भुशी धरणाकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग. त्यामुळे शनिवारची मुलाखत असेल तर आदल्या दिवशी तळेगावच्या मावशीकडे मुक्काम करणं ही साधी, पण खरी तयारी आहे. ऑनलाइन मुलाखतीने हा खर्च वाचतो. वीज आणि रेंज यांची हमी नसल्याने त्यातही शहरातला मुलगा पुढेच असतो. यंत्राने चेहरा वाचून गुण द्यायची टूम निघाली होती, ती हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने २०२१ साली स्वतःच सोडून दिली. कॅमेऱ्याकडे बघत कृत्रिम हसण्याचा सराव करणाऱ्यांनी तेवढा वेळ वाचवावा.

शिकवणी वर्गांबद्दल थोडं. सराव मुलाखतींचा फायदा होतो, पण समोर कोण बसतं यावर तो अवलंबून. आधी उत्तरं वाटणारा आणि मग तीच ऐकून शाबासकी देणारा शिक्षक काही कामाचा नाही. लोणावळ्यात निवृत्त नौसैनिक आहेत, तळेगावला तीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेले सुपरवायझर आहेत, हॉटेलांत फ्रंट ऑफिस सांभाळणाऱ्या बायका आहेत. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने यांच्यातल्या तिघांना चहा पाजून एक दुपार मागितली, तर बाहेरच्या ‘सॉफ्ट स्किल’वाल्यांना दिलेले पैसे वाचतील. आणि नोकरीआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागणाऱ्याची मुलाखत द्यायला जाऊच नये.

राहिला शेवटचा प्रश्न: ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ पीडीएफ म्हणते, कंपनीच्या भविष्याबद्दल विचारा. मी म्हणतो, नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, ते विचारा. पीएफ कापतात का, ट्रेनी म्हणून किती महिने ठेवतात, बाँड आहे का, मोडला तर किती भरावे लागतात, हेही विचारा. आणि कंपनीची बस कुठवर येते ते जरूर विचारा. ती वडगावपर्यंतच येत असेल, तर दुसरी पाळी सुटल्यावर रात्री कुरवंड्याला पोचायचं कसं, हे हो म्हणण्याआधी घरी बसून ठरवावं लागेल.